हरण्याची ओळ

२५ नोव्हेंबर

आज दिल्लीहून मेल आला. मी तो तीनदा वाचला. इंग्रजी अवघड नव्हतं, विश्वास बसायला वेळ लागला. देशभरातल्या विद्यापीठांचं आणि विज्ञान संशोधनाचं बघणारं मंत्रालय आमच्या महाविद्यालयात दोन माणसांची समिती पाठवतंय! रावेरपासून आत, केळीच्या बागांमधलं आमचं महाविद्यालय. आजवर आमच्याकडे आलेला सगळ्यांत मोठा पाहुणा म्हणजे तहसीलदार, आणि तोही रस्ता चुकून.

मेल घेऊन तडक तोताराम आबांकडे गेलो. आबा आमचे संस्थाध्यक्ष आणि केळीचे मोठे व्यापारी. घड भरायचं काम चाललं होतं, ट्रकवर चढलेल्या माणसांना आबा खालूनच शिव्या देत होते.

"आबा, मंत्रालयाची माणसं येताय."

"कोनाची फाइल अडकली?"

"मुंबईचं नाही हो. दिल्लीचं मंत्रालय."

आबा विचारात पडले. "ते मुंबईहून मोठं?"

"मोठं म्हणजे? खूपच!"

"मंग भरीत करावं लागीन," आबा म्हणाले.

प्रस्ताव कामिनीबाईंनी लिहिला होता. डॉ. कामिनी भामरे, वनस्पतिशास्त्र, मूळच्या पश्चिम खान्देशातल्या पिंपळनेरच्या, आमच्याकडे तासिका तत्त्वावर आहेत. केळीवरच्या हरण्या रोगाचं संशोधन केंद्र, असा काहीसा विषय. प्रस्तावावर सही माझी आहे. माझी सही नसती तर तो प्रस्ताव दिल्लीला गेलाच नसता, हे कोणी विसरू नये म्हणून इथे लिहून ठेवतो.

आबा निघताना म्हणाले, "वारके सर, केंद्र आना, खुर्ची पक्की." चार वर्षं झाली, मी प्रभारी प्राचार्य आहे. प्रभारी म्हणजे दुसऱ्याच्या लग्नात नवरदेवाचे बूट सांभाळत बसल्यासारखं. आता ते बूट मी पायात घालणार.

२७ नोव्हेंबर

कामिनीबाईंनी संशोधनाची बाग दाखवायला नेलं. खरं सांगतो, मला शरमल्यासारखं झालं. मी राज्यशास्त्राचा माणूस असलो तरी केळीवाल्याच्या घरात जन्मलोय. वसतिगृहाच्या मागचा तो तुकडा! गुडघाभर गवत. मधोमध एक आख्खी ओळ हरण्या झालेल्या झाडांची. पानांवर पिवळे पट्टे, झाडं खुंटलेली, घडाचा पत्ता नाही. हरण्याला औषध नाही, हे इथलं शेंबडं पोरगंही जाणतं. रोगट झाड दिसलं की उपटायचं, बांधाबाहेर गाडायचं आणि शेजाऱ्याला कळायच्या आत हात धुवायचे. या बाईंनी ते सांभाळून ठेवलंय! पाणीसुद्धा देतात.

"बाई, हे काय आहे?"

"सर, समिती हीच ओळ बघायला येतेय." मग त्यांनी ओळीच्या मधलं एक झाड दाखवलं. हिरवंगार होतं, पण सभोवती बुंध्यातून फुटलेल्या पिलांची ही गर्दी, एकही छाटलेलं नाही. "हे झाड दोन वर्षं रोगट झाडांना खेटून उभं आहे. एक पान पिवळं पडलं नाही. का पडलं नाही, ते शोधायचंय. याची पिलं वाढवून बघायचीत. हे टिकलं तर रावेरच्या बागा वाचतील, सर. आपला सगळा प्रस्ताव म्हणजे हे एक झाड आहे."

मी मान डोलावली. बोलतात छान. अजून मराठीत पिंपळनेरचा हेल येतो, पण छान.

परतताना त्या दोनदा म्हणाल्या, "बागेला कोणी हात लावू नका, सर. गवतसुद्धा राहू द्या."

मला हसू आलं. आपल्याकडे पाहुणे यायचे म्हटले की प्रत्येक बाई हेच म्हणते. काही करू नका हो, काही नको हो. आणि खरंच काही केलं नाही तर वर्षभर ऐकवते.

३० नोव्हेंबर

तयारीची बैठक झाली. स्वागतकमान, शाल, श्रीफळ, टोपी, केळीचे वेफर्स, केळ्यांचा घड भेट (दिल्लीला विमानात कसा नेतील, यावर बराच वेळ चर्चा झाली). आबांच्या मळ्यात भरीत. वांगी कापसाच्या पऱ्हाटीच्या काड्यांवरच भाजायची, गॅसवर भाजलेलं भरीत दिल्लीवाल्यांना खाऊ घालून खान्देशची अब्रू घालवायची नाही, असा ठराव झाला. संशोधनावर वेळ उरला नाही.

घरी दिपमालाला बागेचं सांगितलं. ती म्हणाली, "तिनं हात लावू नका म्हटलंय ना? मग नका लावू."

"तुला कळत नाही. नको म्हणणं ही रीत असते. लग्नानंतर तू माझ्या आईला पाच वेळा नको नको म्हणालीस आणि सहाव्या पोळीला ताट पुढं केलंस."

"मी पोळीला नको म्हणत होते. ती बाई तिच्या कामाला हात लावू नका म्हणतेय."

बायकोशी वाद घालण्यात अर्थ नसतो. जेवून उठलो.

४ डिसेंबर

आज आबा अचानक पाहणीला आले. कमान पसंत पडली. मग बाग बघायची म्हणाले. मी कॅन्टीनच्या बाजूने न्यायचा प्रयत्न केला, पण केळीच्या व्यापाऱ्याला केळी चुकवता येत नाहीत.

ओळ बघून आबा जागीच थांबले. "सर, ही बाग ए का दवाखाना?"

मी म्हणालो, संशोधन आहे.

"कायचं संशोधन? माह्या संस्थेच्या जागेत हरन्या? आजूबाजूच्या बागांत लागला तं लोकं मले गावातून हिंडू देतीन का? ज्याच्या बागेत हरन्या त्याच्या पोराले कोनी पोरगी देत नाही, अन् मी दिल्लीवाल्यांले हे दाखवू? रविवारपर्यंत हे दिसलं नाही पाह्यजे."

बाईंचं म्हणणं आबांच्या कानावर घालावं असं एकदा मनात आलं. तोंड उघडलंही होतं. पण आबा उन्हात उभे, घामाघूम झालेले, आणि नेमके त्याच वेळी म्हणाले, "आपले प्राचार्य सर सांभाळून घेतीन." प्रभारी म्हणाले नाहीत! आबा गाडीत बसेपर्यंत मी नुसता हो हो करत होतो.

८ डिसेंबर, रविवार

आजचा दिवस संस्थेच्या इतिहासात लिहिला जावा असा होता.

कामिनीबाई समितीसमोर लावायची पोस्टर्स छापून आणायला जळगावला गेल्या होत्या. म्हटलं, बरंच झालं. परत येतील तेव्हा बघतील आणि आश्चर्याने तोंडात बोट घालतील. माझा धाकटा भाऊ प्रेमराज, आमची घरची बाग तोच बघतो, तो मजूर आणि ट्रॅक्टर घेऊन सकाळीच आला. पंचक्रोशीत त्याच्याइतकी देखणी बाग कोणाची नाही, हे मी भाऊ म्हणून सांगत नाही. लोक गाडी थांबवून बघतात.

गवत गेलं. रोगट झाडं मुळासकट उपटून ट्रॉलीत भरली. प्रेमराज मधल्या झाडापाशी आला आणि थांबला. पानं उलटीपालटी करून पाहिली. खोडाला हात लावला.

"भाऊ, हे तं निरोगी दिसू राह्यलं. ठेवू का?"

मजूर माझ्याकडे बघत होते. कामिनीबाईंचं बोलणं मला आठवत होतं. नाही असं नाही. पण मी विचार केला, आख्खी ओळ काढून मध्येच एक झाड ठेवलं, तेही पिलांच्या झुडपासकट, तर ते काय दिसेल? टक्कल केलेल्या डोक्यावर शेंडी. आणि आबा काय म्हणतील?

"प्रेमराज, केळीवाला तू आहेस. रोगट ओळीतलं झाड ठेवतात का?"

"नाही ठेवत. चांगलं दिसलं तरी नाही ठेवत."

"मग मला काय विचारतो?"

त्याने पहार घातली. गड्डा खोल होता, दोन माणसं लागली. पिलांचे तुकडे करून सगळं बांधाबाहेरच्या खड्ड्यात टाकलं, वरून चुना, वरून माती. अगदी शास्त्राप्रमाणे. मोकळ्या ओळीत प्रेमराजने स्वतःच्या बागेसाठी आणून ठेवलेली टिश्यू कल्चरची रोपं लावून दिली. सगळी एका उंचीची, शाळेच्या कवायतीसारखी. बाग अशी झाली की तिथे पंगत बसवावी.

आबा आले, बघून माझ्या पाठीवर थाप मारली. प्रेमराजलाही शंभरदा शाबासकी दिली.

९ डिसेंबर

काय बोलावं कळत नाही.

कामिनीबाई सकाळी बसमधून उतरल्या त्या थेट बागेत गेल्या. मी मुद्दाम मागोमाग गेलो, म्हटलं आनंद बघावा. त्या बांधावर उभ्या राहिल्या. मग ओळीत गेल्या, टिश्यूच्या रोपांमधून चालत मधोमध आल्या आणि मातीतच बसल्या. पोस्टर्सची गुंडाळी बाजूला पडली.

"झाड कुठे आहे, सर?"

मी खड्डा दाखवला. त्यांनी हाताने माती उकरायला सुरुवात केली. मी म्हणालो, बाई, चुना आहे, हात भाजतील. ऐकेनात. चुन्यात काळे पडलेले तुकडे निघाले. त्या एकेक हातात घेऊन बघत होत्या आणि ठेवत होत्या. शेवटी आईला फोन लावला आणि इतकंच म्हणाल्या, "बठ्ठं गयं, माय. बठ्ठं." सगळं गेलं, एवढं मलाही कळलं.

मी पाणी मागवलं. समजावलं की समितीसमोर बाग स्वच्छ असणं महत्त्वाचं, संशोधन काय, पुढच्या हंगामातही होईल. हरण्याची काय कमी आहे आपल्याकडे? त्यांनी पोस्टर्सची गुंडाळी उचलली. मग म्हणाल्या, "हरण्याची नाही, सर."

वाक्य अर्धवट का सोडलं, कोण जाणे. मन लावून काम करणारी माणसं जरा हळवी असतात. दिपमालाला सांगितलं तर तिने ताट वाढलं आणि समोरून उठून गेली.

१० डिसेंबर

समिती येऊन गेली!

मंत्रालयाचे एक सचिव का उपसचिव साहेब, आणि तमिळनाडूकडच्या मीनाक्षी मॅडम, केळीच्या रोगांवरच्या मोठ्या शास्त्रज्ञ. साहेब मोकळे होते. टोपी घातली, फोटो काढू दिले, लेझीमला दाद दिली. मॅडमनी शाल घेतली आणि विचारलं, "प्लॉट कुठे आहे?"

बागेत मी स्वतः पुढे होतो. मॅडमनी हिंदीत विचारलं, रोगट ओळ कुठली? मी या प्रश्नाचीच वाट बघत होतो. मी छाती काढून म्हणालो, "मॅडम, हमारे यहाँ रोग बाकी ही नहीं रखते!"

आबांनी टाळी वाजवली. साहेब हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्या कामिनीबाईंकडे वळल्या. बाईंच्या हाताला पट्ट्या होत्या.

"ते झाड?"

"काढलं, मॅडम. रविवारी."

"कोणी काढलं?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग त्या म्हणाल्या, "संस्थेने."

बघा. श्रेय स्वतःकडे घेतलं नाही, संस्थेला दिलं. माणसाची पारख अशा वेळी होते. मी मनातल्या मनात ठरवलं की केंद्र आलं की बाईंना कायम करण्यासाठी आबांकडे शब्द टाकायचा.

भरीत अप्रतिम झालं होतं. साहेबांनी तीनदा घेतलं, ठेचा मागून घेतला, नाक पुसत पुसत खाल्ला. मॅडम जेवल्या नाहीत. त्या आणि कामिनीबाई बांधावरच बसून होत्या, पोस्टर उघडून. दक्षिणेकडच्या लोकांना वांगं चालत नसावं.

१२ डिसेंबर

जळगावच्या पेपरात फोटो आला. आबा, साहेब, मी. माझा अर्धा चेहरा आबांच्या फेट्याने झाकलाय. तरी ओळखू येतो.

१४ फेब्रुवारी

दिल्लीचा मेल. नामंजूर.

कारण काय, तर प्रस्तावात ज्या झाडाचा उल्लेख होता ते प्रत्यक्ष पाहणीत आढळलं नाही. वा! बागभर झाडं उभी होती, एकापेक्षा एक. त्यांतलं एक आढळलं नाही म्हणे! मी चिडून लांबलचक उत्तर लिहिलं. आम्ही ग्रामीण भागातले, म्हणून हा अन्याय, असं स्पष्ट लिहिलं. कामिनीबाईंना तपासायला दिलं, तर त्यांनी शांतपणे वाचून परत दिलं. म्हणाल्या, "इंग्रजी बरोबर आहे, सर."

आबांना कळवलं. त्यांनी आधी एका ट्रकचा हिशेब संपवला. मग म्हणाले, "जाऊ द्या सर. तुमी प्रभारीच बरे दिसता."

मला फार लागलं. कोणाला सांगायची सोय नाही, म्हणून इथे लिहितोय.

३ मार्च

कामिनीबाई चालल्या. मीनाक्षी मॅडमनी त्यांना आपल्या संस्थेत बोलावून घेतलंय. तिथे मंत्रालयाची शिष्यवृत्ती, प्रयोगशाळा, सगळं. निरोपाला शाल आणि श्रीफळ दिलं, डिसेंबरातली एक शाल उरली होती. माझं भाषण बरं झालं. संस्थेने पंख दिले वगैरे. त्यांना बोला म्हटलं तर म्हणाल्या, "मुलांनी चांगलं काम केलं, त्यांचे आभार." मुलं रडली. मला वाटलं, आमच्याबद्दल दोन शब्द तरी बोलायला हवे होते.

गेटपर्यंत सोडायला गेलो. विचारलं, "बाई, तिथे दुसरं तसं झाड शोधाल ना?"

"शोधीन, सर. इथे आणून लावलेलं ते सापडायला तीन वर्षं बागा फिरले होते."

"मग काय, मिळेल!"

रिक्षा निघून गेली.

१९ ऑगस्ट

प्रेमराजचा सकाळी फोन. आवाज ओळखू येईना. "भाऊ, येऊन जा."

आमच्या बागेत हरण्या. एका कोपऱ्यात दिसला होता म्हणे, त्याने तिथली झाडं लगेच उपटली, गाडली, सगळं वेळेवर केलं. पण पावसाची झड लागली, ढगाळ हवा हटेना, आणि आता जिकडे बघावं तिकडे पिवळे पट्टे. रावेरच्या बाजूच्या कितीतरी बागांत हेच. रस्त्याने येताना लोक बांधावर नुसते उभे होते. कोणी कोणाला हाक मारत नव्हतं.

प्रेमराज ओळीत उकिडवा बसला होता. त्याला मी रडताना कधी पाहिलं नव्हतं. वडील गेले तेव्हाही तो सगळं आवरत होता. "कोनाले म्हनून विचारू मी?" म्हणत होता. "माह्याकडून काय राह्यलं, भाऊ? सांग ना, काय राह्यलं?"

त्याचं काहीच राहिलं नव्हतं. तसं मी त्याला सांगितलं.

२१ ऑगस्ट

काल कृषी खात्याचे लोक येऊन गेले. उपटा म्हणाले. आज सकाळी बागेत मजूर उभे, ट्रॉली उभी, आणि प्रेमराज हलेना. अचानक म्हणाला, "भाऊ, तुमच्या त्या बाई होत्या ना, पिंपळनेरच्या? त्यायचा अभ्यास होता ना हरन्याचा? त्यायले विचार ना. औषध असीन त्यायच्यापाशी."

मी टाळाटाळ केली. दिपमालाही आली होती. ती म्हणाली, "लावा फोन." तिने ज्या स्वरात सांगितलं त्या स्वराला मी आजवर नाही म्हणालो नाही.

बाईंनी लगेच उचलला. माझा आवाज ओळखला. "बोला सर. बागांचं ऐकलं मी." मी आधी प्रकृती वगैरे विचारली. मग म्हणालो, आमच्या घरच्या बागेत आलाय. भावाची बाग. तोच, जो तेव्हा आला होता. तिकडे काही निघालं असेल तर सांगा, खर्चाचं बघू, काहीतरी औषध असेल ना?

बाईंनी ऐकून घेतलं. चिडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. चिडल्या नाहीत.

"औषध नाही, सर," त्या म्हणाल्या. "झाड होतं."

मग त्या म्हणाल्या, प्रेमराजभाऊंना सांगा, उपटून घ्या, उशीर करू नका. आणि एखादं हिरवं राहिलेलं दिसतंय का, तेवढं बघून घ्या. मी म्हणालो, बघितलं, नाही एकही. मी खरंच बघितलं होतं. सकाळपासून मी दुसरं काही करत नव्हतो. "बरं," त्या म्हणाल्या. फोन ठेवताना त्यांचा आवाज भरून आला होता. त्यांच्या काय घरची बाग होती?

प्रेमराज समोरच उभा होता. हातात पहार. डोळे आशेने माझ्या तोंडाकडे लागलेले.

"काय म्हने बाई?"

दिपमाला माझ्याकडे बघत होती.

"औषध नाही म्हणे," मी म्हणालो.

"अन्?"

"अन् काही नाही."

त्याने मान हलवली, मजुरांना हाक मारली आणि पहिल्या झाडाच्या बुडाशी पहार घातली. मीही पँट दुमडून ओळीत उतरलो. दिवसभर आम्ही दोघं भाऊ शेजारी शेजारी झाडं उपटत होतो. बाईंच्या बोलण्यातलं अर्धं तेवढं मी त्याला सांगितलं. राहिलेलं अर्धं तोंडाशी येत होतं, आणि तो दर वेळी म्हणत होता, "भाऊ, तू बस, तुले सवय नाही."